निपाणीतले जीवन: बेळगावच्या एका गूढकोडे-पत्रकाची पारख

निपाणीतले जीवन (२)

कोड्यातले सूत्र एवढेच, कंसातला आकडा उत्तराच्या अक्षरांचा. वाचल्याबरोबर तंबाखूच्या वखारी आणि आठवडी बाजार डोळ्यांपुढे उभे राहिले, तर रचणाऱ्याने आपल्याला नेमके हवे तिथे नेऊन सोडले म्हणायचे. उत्तर आहे 'पाणी'. नि-पा-णी-त-ले या पाच अक्षरांतली दुसरी आणि तिसरी उचला, उत्तर हातात येते. आणि 'जीवन' म्हणजे पाणी, हे तर शाळेतल्या समानार्थी शब्दांत सगळ्यांनी पाठ केलेले असते. दोन शब्दांचे सूत्र, त्यात एक अक्षर जास्त नाही, एक कमी नाही.

हे सूत्र ज्या पत्रकातले आहे ती गूढकोड्यांची सेवा बेळगावातून चालते. दर रविवारी सकाळी फोनवर कोड्याची पीडीएफ येते. सोमवार ते बुधवार अडलेल्यांना सुगावे मिळतात आणि गुरुवारी संध्याकाळी दोन पानांची उकल येते. वर्गणी महिन्याला चाळीस रुपये. टिळकवाडी, शहापूर, अनगोळपासून खानापूर, निपाणी, चिकोडीपर्यंत मराठी वाचणाऱ्यांसाठी ही सोय आहे. ही पारख सहा महिन्यांच्या पत्रकांवर, म्हणजे सव्वीस कोडी आणि तेवढ्याच उकलींवर बेतलेली आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. वर्तमानपत्रात रोज येते ते शब्दकोडे वेगळे. तिथे 'कमळ' दिले की 'पंकज' लिहायचे, ज्याचा शब्दसंग्रह मोठा तो जिंकला. गूढकोड्यात प्रत्येक सूत्राचे दोन भाग असतात. एक भाग उत्तराचा सरळ अर्थ सांगतो, त्याला व्याख्या म्हणू. दुसरा भाग तेच उत्तर अक्षरांच्या जुळणीतून बांधून देतो. दोन्ही वाटा एकाच शब्दाशी येऊन मिळतात, त्यामुळे उत्तर बरोबर आले की ते बरोबर आहे हे सोडवणाऱ्याला आपले आपणच कळते. इंग्रजीत 'झिमेनिस' या टोपणनावाने कोडी रचणाऱ्या मॅकनट यांनी याची शिस्त घालून दिली: व्याख्या नेमकी हवी, जुळणी न्यायाची हवी आणि त्या दोहोंपलीकडे सूत्रात एकही फालतू शब्द नको. या पत्रकाचे मोजमाप याच शिस्तीने केले आहे.

आपल्याकडे ही चाल परकी नाही. उत्तर श्लोकातच दडलेले असेल ती अंतर्लापिका आणि बाहेरून आणावे लागेल ती बहिर्लापिका, असा भेद जुन्या काव्यशास्त्रात आहेच. कठीण आहे ते हा खेळ देवनागरीच्या चौकटीत बसवणे. तिथे इंग्रजीची नक्कल चालत नाही, आणि पत्रकाचे मोठे यशही तिथेच आहे, मोठी चूकही तिथेच.

मराठी कोड्यात एका घरात एक अक्षर येते, आणि ते काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, जोडाक्षर यांसकट येते. 'महाराष्ट्र' चार घरांचा, 'स्त्री' एका घराची. शब्द उलटवला की अक्षरे जागा बदलतात, पण प्रत्येकाचा काना त्याच्याच अंगावर राहतो. वाल्या कोळ्याचे 'मरा मरा' आठवा. म आणि रा यांची अदलाबदल झाली, काना र ला सोडून गेला नाही, म्हणून 'राम' उमटला. पत्रकातले हे सूत्र याच नियमावर उभे आहे:

नदी उलटली, गरीब झाला (२)

न-दी उलटे केले की दी-न. 'दीन' म्हणजे गरीब. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात कृष्णेच्या काठची गावे पाहिलेल्या माणसाला या ओळीचा वरवरचा अर्थच आधी बोचतो, आणि तिथेच तो फसतो. सूत्राला वरून स्वतःचा अर्थ असावा आणि तो आपल्या मातीतला असावा, याची काळजी या रचनाकाराने सातत्याने घेतली आहे.

अक्षरांची उलथापालथ मराठीत इंग्रजीइतकी सढळ करता येत नाही. कारण हेच: इंग्रजीत स्वर सुटे असतात, आपल्याकडे ते व्यंजनाला चिकटलेले. सहा अक्षरी शब्द विस्कटून दुसरा सहा अक्षरी शब्द मिळवणे जवळजवळ अशक्य. मिळतात ते तीन अक्षरी, आणि तेही बहुधा कानामात्रा नसलेले. या मर्यादेत पत्रकाने काढलेली दोन रत्ने पाहा.

गोंधळातली गरज, कीर्तनातला घोष (३)

विस्कटलेले टपाल, म्हणजे बदल (३)

पहिल्यात 'गोंधळातली' ही उलथापालथीची खूण. ग-र-ज हलवले की ग-ज-र, आणि गजर म्हणजे कीर्तनातला घोष. गोंधळ म्हणजे देवीचा गोंधळही, त्यामुळे कीर्तनाशेजारी तो शब्द इतका शोभून बसतो की खूण म्हणून त्याच्याकडे लक्षच जात नाही. दुसऱ्यात ट-पा-ल चे पा-ल-ट. इथे 'पा' चा काना 'पा' वरच राहिला आहे, हे मुद्दाम तपासून घ्या. पुढच्या तक्रारीसाठी ते लागणार आहे.

सव्वीस पत्रकांतले सर्वांत उत्तम सूत्र निवडायचे झाले तर मात्र उलथापालथीचे नाही, जोडीचे निवडावे लागेल:

पत्रिकेत नावाआधी येते, मग उखाणे: तालुक्याचे गाव (३)

लग्नाचे चित्र पुरते उभे राहते. पत्रिका, मग नाव घेणे, मग गावाकडची वरात. सोडवणारा 'मांडव', 'मुहूर्त' असले शब्द धुंडाळत बसतो. आता सूत्र फोडून बघू. पत्रिकेत धाकट्यांच्या नावाआधी छापतात ते 'चि.'. उखाणा या शब्दाचा अर्थ आज नाव घेण्यापुरता उरला असला तरी तो मुळात कोडे या अर्थाचाही आहे, म्हणून उखाणे म्हणजे 'कोडी'. चि आणि कोडी जोडले की चिकोडी. कोड्याच्या पत्रकात कोडीच दडवलेली, तीही आपल्याच जिल्ह्यातल्या तालुक्यात. यात फालतू शब्द एकही नाही. 'मग' हा शब्दसुद्धा कामाचा आहे, आधी चि आणि नंतर कोडी हा क्रम तो सांगतो.

त्याच जातीचे सोपे सूत्र नवशिक्यांसाठी: 'गाय आणि कावळा, धबधब्याचे गाव (३)'. गो आणि काक, गोकाक. घटप्रभेचा धबधबा पाहिलेला शाळकरी मुलगाही हे सोडवील, आणि एकदा हे सुटले की चिकोडीची किल्ली त्याच्या हाती आलेली असते. पहिल्या दोन पत्रकांत अशी पायरीपायरीची रचना जाणवते.

श्लेषाची सूत्रे मराठीत विशेष खुलतात, कारण आपल्याकडे एकाच शब्दाचे लिंग बदलले की अर्थ बदलतो. 'ही खाली गेली की तो गेला (२)' याचे उत्तर 'मान'. ती मान म्हणजे गळ्यावरची, तो मान म्हणजे प्रतिष्ठा. सर्वनामांनी सगळे सांगून टाकले आहे आणि तरी काहीच सांगितलेले नाही. ज्या सूत्रात 'ती', 'तो', 'ते' असे सुटे सर्वनाम दिसेल तिथे थांबून लिंग नोंदवून ठेवावे. अर्धी उत्तरे तिथेच गळून पडतात.

'थोडेसे म्हातारपण (२)' हेही असेच. उत्तर 'जरा'. थोडेसे या अर्थी ज चा उच्चार दंततालव्य ('जागा'मधला), म्हातारपण या अर्थी तालव्य ('जीवन'मधला). लिपी एक, उच्चार दोन. इंग्रजी कोड्यांत सारखा उच्चार आणि वेगळे लेखन यावर खेळ चालतो. मराठीत लेखन उच्चाराला धरून असल्यामुळे तो खेळ फारसा जमत नाही, पण हा उलटा खेळ, लेखन सारखे आणि उच्चार वेगळा, च आणि ज च्या जोरावर छान जमतो. रचनाकाराने तो ओळखला आहे. अजून जास्त वापरायला हरकत नव्हती.

पोटात घालण्याची सूत्रे कमी आहेत, पण एक लक्षात राहण्यासारखे आहे: माणसाला 'ग'ची बाधा: शहर (३). नर या शब्दात ग शिरला की नगर. 'ग'ची बाधा हा वाक्प्रचार जसाच्या तसा यंत्रात रूपांतरित झाला आहे. डोके उडवण्याचे उदाहरण 'सकाळचे डोके उडाले: मृत्यू (२)', स-का-ळ मधला स गेला, उरला काळ. आद्याक्षरांचे 'कुंभार दारात, सुरुवातीलाच बेळगावी मिठाई (२)'. कुं आणि दा, कुंदा. इथे अनुस्वार आणि उकार दोन्ही पहिल्या अक्षरासोबत आले, नुसता 'क' घेऊन चालणार नाही.

आता सीमाभागाचे खास देणे. या पत्रकात दर महिन्याला एकदोन सूत्रे मराठी आणि कन्नड दोन्हींवर उभी असतात. त्यांतले हे एक ऐका:

मराठीत सोंडेचा, कन्नडमध्ये बोंडाचा (२)

उत्तर 'हत्ती'. कन्नडमध्ये हत्ती म्हणजे कापूस. ज्या भागात कापसाची बोंडे फुटतात आणि दोन्ही भाषा एकाच बाजारपेठेत कानावर पडतात तिथेच हे सूत्र जन्माला येऊ शकते. 'मने' या शब्दावरही असे एक आहे: मराठीत मनाचे अनेकवचन, कन्नडमध्ये घर. या सूत्रांत 'कन्नडमध्ये' हा शब्द स्पष्ट दिलेला असतो, ही गोष्ट महत्त्वाची. तो नसता तर कोल्हापूरच्या किंवा पुण्याच्या वाचकावर अन्याय झाला असता. खूण दिली की त्यालाही शेजाऱ्याला विचारता येते. शिवाय कन्नड शब्द घरोघरी माहीत असलेले, साधेच निवडले जातात. ही मर्यादा पत्रकाने सोडू नये.

कोडी चांगली आहेत, पण चाळीस रुपये खरे वसूल होतात ते गुरुवारी. गूढकोड्यात नुसते उत्तर मिळून काहीही पदरात पडत नाही. 'चिकोडी' असे छापले आणि सोडून दिले तर वाचक हिरमुसतो आणि पुढच्या रविवारी कागद उघडत नाही. या पत्रकाची उकल प्रत्येक सूत्रासाठी चार गोष्टी देते. व्याख्येच्या शब्दांखाली रेघ. उरलेल्या भागातला खुणेचा शब्द जाड टाइपात. मग बांधणी, अक्षराअक्षराने. आणि एखादा अर्थ अनोळखी असेल तर कंसात त्याचा खुलासा. उलटवले असेल तर डावीकडे तोंड केलेला बाण, विस्कटले असेल तर तारा, कापले असेल तर त्या अक्षरावर काट. सूत्राच्या शेवटी एक ओळ अशी असते: 'फसवतो तो शब्द'. चिकोडीच्या सूत्राला तिथे लिहिले आहे, 'फसवतो तो शब्द: उखाणे'. ही एक ओळ शंभर नियमांपेक्षा जास्त शिकवते. आपण कुठे आणि का घसरलो हे कळले की पुढच्या वेळी तीच जागा दिसायला लागते.

सुगाव्यांची सोय तीन पायऱ्यांची आहे. पहिल्यांदा विचारले की फक्त व्याख्या कुठली ते सांगतात. दुसऱ्यांदा विचारले की जात सांगतात, म्हणजे जोड, उलट, पोटात, श्लेष वगैरे. तिसऱ्यांदा एक अक्षर देतात. पूर्ण उत्तर गुरुवारशिवाय नाही. वर्गणीदारांच्या फोनवरच्या गटावरचे बोलणे साधारण असे चालते:

'काका, १४ उभा अडलाय.'
'शेवटचे दोन शब्द व्याख्या आहेत. बाकीचं बघ की अजून जरा.'
'बघितलं. पत्रिका म्हणजे कुंडली घेतली, जमेना.'
'ती नव्हे. लग्नाची पत्रिका. जोड आहे, दोन तुकडे.'

एवढ्यावर पोरगी सोडवून मोकळी होते. उत्तर सांगून टाकण्याचा मोह आवरणे हे शिकवणाऱ्याचे खरे कौशल्य, आणि इथे ते आहे. एकच सुधारणा हवी: सुगावे सगळ्या गटाला दिसतात. ज्याला अजून स्वतःच झुंजायचे आहे त्याची मजा जाते. सुगावा ज्याने मागितला त्यालाच वेगळा पाठवावा, किंवा निदान वर दोन बोटे रिकाम्या ओळी सोडून खाली लिहावा.

आता उणे बाजू. तीन मुद्दे गंभीर आहेत.

पहिला, अक्षराचा नियम मोडण्याचा. एका पत्रकात हे सूत्र होते: 'नवरा बिथरला, झाला माकड (३)'. अपेक्षित उत्तर वानर. गटावर खूप हशा पिकला, पण सूत्र चुकीचे आहे. न-व-रा हलवून वा-न-र येत नाही. काना रा वरून निघून व वर जाऊन बसला आहे. ज्या पत्रकाने 'टपाल' चे 'पालट' करताना काना जागचा हलू दिला नाही, त्यानेच इथे तो उचलून दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवला. सोडवणाऱ्याने नियम शिकायचा तरी कसा? एकदा काना सुटा मानला तर प्रत्येक सूत्रात शक्यता दसपट होतात आणि खेळ अंदाजपंचे होतो. त्या गुरुवारच्या उकलीत 'काना हलवला आहे' एवढीच नोंद होती, ती पुरेशी नाही. वानर हवाच असेल तर न्यायाची वाट समोरच आहे: 'अथवा माणूस: माकड (३)'. वा म्हणजे अथवा, नर म्हणजे माणूस. हशा कमी पिकेल, पण सूत्र टिकेल.

दुसरा मुद्दा सामान्यरूपाचा, आणि तो इंग्रजी कोड्यांत येत नाही. नामाला विभक्ती लागली की नाम स्वतः बदलते. 'सापळ्याची शेपटी तुटली, सरपटत गेला तो (२)' या सूत्राचे उत्तर साप. सा-प-ळा मधला ळा काढायचा. पण सूत्रात सापळा नाहीच, 'सापळ्या' आहे. सोडवणाऱ्याने आधी मनात विभक्ती काढायची, मूळ शब्द आणायचा आणि मग शेपटी कापायची. हे चालते की नाही यावर मतभेद होऊ शकतात. अर्थावरून शब्द ओळखायचा असेल तेव्हा सामान्यरूप चालावे, कारण 'गाईच्या' वरून 'गो' आणायला कोणी अडत नाही. पण अक्षरे जशीच्या तशी वापरायची असतील, म्हणजे उलथापालथ, उलट, लपलेला शब्द आणि काटछाट या चारही जातींत, शब्द मूळ रूपातच दिसायला हवा. 'सापळा शेपटीविना, सरपटणारा (२)' असे लिहिले असते तर प्रश्नच उरला नसता. निपाणीचे सूत्र निर्दोष आहे ते याचमुळे. निपाणीला कुठलीही विभक्ती लावा, नि-पा-णी बदलत नाही. रचनाकाराला हे भान आहे हे उघड दिसते, पण घाईच्या आठवड्यांत ते सुटते.

तिसरा मुद्दा ऱ्हस्व-दीर्घाचा. आडवा शब्द 'कवी', त्याच्या शेवटच्या घरातून उभा निघतो 'विहीर'; दोन शब्द छेदतात ते हे छेदघर. एका घरात वी लिहायची की वि? १९६२ च्या लेखननियमांप्रमाणे शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ, आणि 'विहीर' मधला पहिला इकार ऱ्हस्व. दोन्ही बरोबर आणि घर एकच. काही पत्रकांत हे सैल सोडले आहे, काहींत कटाक्षाने टाळले आहे, आणि धोरण कुठेच लिहिलेले नाही. पहिल्या पानावर एक ओळ हवी: 'छेदघरात ऱ्हस्व-दीर्घ सारखे मानले आहेत' किंवा 'मानलेले नाहीत'. दोन्हींपैकी काहीही चालेल, पण ठरलेले हवे. मानायचे नसेल तर जाळी आखताना साधा उपाय आहे: ज्या घरात एका शब्दाचा शेवटचा इकार किंवा उकार पडतो, तिथे दुसऱ्याही शब्दाचा शेवटच पाडावा. दोन्हीकडे दीर्घच येते. वि, नि, सु अशा उपसर्गांनी सुरू होणारे शब्द अशा घरापासून लांब ठेवावेत.

जाळीबद्दल बाकी तक्रार नाही. अकरा बाय अकराची आहे आणि हे माप मराठीला बरोबर बसते. आपले रोजचे शब्द दोन ते पाच अक्षरांत संपतात. इंग्रजी वर्तमानपत्रांची पंधरा बाय पंधराची जाळी घेतली तर ती भरायला 'कर्तव्यपरायणता' असले अवजड शब्द ओढून आणावे लागतात. एका पत्रकात साधारण अठ्ठावीस ते बत्तीस सूत्रे असतात. निम्मी घरे छेदघरे. देवनागरीत एक छेदघर इंग्रजीतल्या एका अक्षरापेक्षा फार जास्त सांगते, कारण नुसते क नव्हे तर का, की, कुं यांपैकी नेमके कुठले ते कळते. म्हणून अडलात तर नव्या सूत्राकडे जाण्याआधी छेदणारे दोन अक्षरी शब्द आधी सोडवा.

छपाईत मात्र लक्ष घालायला हवे. फोनवर जाळी बोटाने भरता येत नाही, सूत्रे वाचायला पुन्हा खाली जावे लागते, त्यामुळे बहुतेक जण खडेबाजारात किंवा कॉलेज रोडला कुठल्या तरी झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतात. ए-फोर कागदावर घर साधारण नऊ मिलिमीटरचे पडते. इंग्रजी अक्षराला तेवढे पुरे. देवनागरीला वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार लागतो. 'र्ती' किंवा 'कुं' लिहायला बारा मिलिमीटर तरी हवेत. वर डाव्या कोपऱ्यात सूत्राचा आकडा असतो आणि पहिल्या वेलांटीची कमान नेमकी तिथेच जाते. आकडा बारीक आणि फिका छापला तरी काम भागेल. काळी घरे पूर्ण काळी असल्याने शाई भरपूर जाते, स्वस्त कागदावर पाठीमागे उमटते आणि त्याच कागदाच्या मागे छापलेली सूत्रे वाचता येत नाहीत. आडव्या रेघांनी भरलेली करडी घरे केली की दोन्ही प्रश्न सुटतात. तोवर कागद एकाच बाजूने छापून घ्यावा.

दोन पीडीएफमध्ये जुन्या फॉन्टमधून मजकूर उचलल्यामुळे 'दुसऱ्या' सारख्या शब्दांतला ऱ्य फुटून चौकोन आला होता. एरवी वाचक अंदाजाने पुढे जातो, पण अक्षरांवर चालणाऱ्या खेळात फुटलेले अक्षर म्हणजे फुटलेले सूत्र. अक्षरसंख्याही दोनदा चुकली होती. दोन्ही वेळा जोडाक्षर दोन धरले गेले. प्रत्येक पत्रक पाठवण्याआधी कोणीतरी दुसऱ्याने, उत्तरे न बघता, एकदा सोडवून पाहणे हा यावरचा हुकमी उपाय.

संदर्भासाठी कुठला शब्दकोश प्रमाण, हेही सांगितलेले नाही. 'उखाणे म्हणजे कोडी' यावर गटावर वाद झाला तेव्हा शब्दकोश दाखवूनच तो मिटला. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. पत्रकाने यांपैकी एकाचे नाव पहिल्या पानावर टाकावे. जुना अर्थ वापरायचा असेल तर सूत्रात 'पूर्वीचे', 'जुने' अशी बारीक खूण द्यावी, म्हणजे तरुण वाचकही बरोबरीने खेळेल.

कोणी घ्यावे? ज्यांना मराठी शब्दांशी झटापट करायला आवडते त्या सगळ्यांनी, दहावीच्या पुढच्या मुलांसह. घरात दोन पिढ्या एकत्र बसल्या तर जास्त जमते, कारण 'चि.' पोरांना आठवत नाही आणि 'डेटा' आजोबांना. पहिल्या महिन्यात निम्मे कोडे सुटले तरी समाधानकारक. सुरुवातीला सूत्राचा वरचा अर्थ मुद्दाम विसरा, पेन्सिलने पहिल्या एकदोन शब्दांखाली रेघ मारा आणि हीच व्याख्या असेल का असे स्वतःला विचारा. जमले नाही तर शेवटच्या एकदोन शब्दांखाली मारा. मराठीत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे 'झाला', 'येते' असे शेवटचे शब्द पुष्कळदा नुसते जोडकाम करतात. ते बाजूला काढले की व्याख्या उघडी पडते. मग मधल्या भागात हालचालीचा शब्द शोधा: उलटली, विस्कटले, शिरला, तुटला, सुरुवातीला. तसा कुठलाच शब्द नसेल तर श्लेष किंवा जोड धरून चला. आकडा नेहमी आधी वाचा. तीन अक्षरी शब्दाची जोड म्हणजे एक अधिक दोन किंवा दोन अधिक एक, तिसरी वाट फार क्वचित.

नवी वर्गणी भरणाऱ्याला मागची चार पत्रके उकलींसह मिळतात. ती आधी मागून घ्या आणि उकल झाकून सोडवा. त्यांतल्याच एका पत्रकातले हे सूत्र उत्तराशिवाय इथे ठेवतो, सुगावा फक्त पहिल्या पायरीचा, व्याख्या शेवटी आहे:

गाडीचा दिवस, समुद्रकाठचे गाव (४)